भुंकणाऱ्याला परवाना, वाजणाऱ्याला सूट

ठाण्यात किंवा डोंबिवलीत कुत्रा पाळायचा तर महापालिकेचा परवाना काढावा लागतो. लस टोचल्याचा दाखला जोडा, फी भरा, पावती जपून ठेवा. १९४९ च्या महापालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवण्याचीही सोय करून ठेवलेली आहे. त्यात गैर काही नाही. कुत्रा मध्यरात्री ओरडतो, पोस्टमनला चोर समजतो आणि खरा चोर आला की कधी कधी गाढ झोपलेला असतो. अशा प्राण्याची सरकारदरबारी नोंद हवीच.

हे तिन्ही गुण अंगी असलेले अलार्मचे यंत्र मात्र तुम्ही उद्या खुशाल दुकानाच्या शटरवर ठोकू शकता. कोणाला विचारायला नको, कळवायला नको. ते विकणाऱ्याला, बसवणाऱ्याला आणि वर्षाचे देखभालीचे पैसे आगाऊ घेऊन मग फोन न उचलणाऱ्यालाही या धंद्याचा म्हणून वेगळा परवाना लागत नाही. मोजकीच माणसे कामाला असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीचीही गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की झाले. (लोक त्या कागदाला अजून गुमास्ताच म्हणतात आणि लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावतात.) दुकानाची पाटी मराठीत हवी आणि तिच्यावरचे मराठी अक्षर इतर भाषांपेक्षा लहान नको, हे २०२२ च्या दुरुस्तीने पक्के केले. पाटीचा प्रश्न मिटला. पाटीखाली बसलेल्या माणसाबद्दल नियम गप्प आहेत.

हा माणूस घरी येतो तेव्हा काय होते पाहा. जावयाला दहा वर्षांत जे सांगत नाहीत, ते आपण याला दहा मिनिटांत सांगून मोकळे होतो.

“काका, कपाट कुठल्या भिंतीला?”

“आतल्या खोलीत, डावीकडे.”

“लॉकर त्यातच ना?”

“वरच्या कप्प्यात. पैठण्यांच्या मागे.”

“घर बंद कधी असतं?”

“गणपतीत. सगळेच देवगडला जातो. दहा दिवस इकडे चिटपाखरू नसतं.”

“मग ॲप तुमच्या मोबाइलमध्ये टाकतो. एक ॲक्सेस माझ्याकडे ठेवतो. काही झालं तर तिथूनच बघता येईल.”

“बरं होईल बाबा,” असे म्हणत काकू त्याच्यासमोर चहा ठेवतात. पासवर्ड तोच घालतो, एक-दोन-तीन-चार. “लक्षात राहील असा ठेवलाय, काका.” सोसायटीच्या गेटवरच्या वहीत त्याची नोंद असते: ‘अलार्मवाला’. नाव नाही, गाव नाही. मोबाइल नंबरच्या रकान्यात वरच्या ओळीसारख्या दोन टिकल्या.

आता ती वही ज्याच्या टेबलावर आहे त्या वॉचमनकडे वळू. त्याच्या बाबतीत आपले राज्य आणि देश दोघेही कमालीचे जागरूक आहेत. महाराष्ट्राने १९८१ मध्येच खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला आणि बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्यासाठी सुरक्षा रक्षक मंडळ आहे. मग २००५ मध्ये केंद्राचा खाजगी सुरक्षा एजन्सी कायदा आला. परवान्याशिवाय एजन्सी चालवाल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका जिल्ह्यापुरता परवाना पाच हजारांत, पाच जिल्ह्यांपर्यंत दहा हजारांत, अख्ख्या राज्याचा पंचवीस हजारांत. घाऊक घेतले की स्वस्त, हे तत्त्व गृह खात्यालाही मान्य आहे.

पण खरी बहार या कायद्याच्या केंद्रीय नमुना नियमांत आहे. पुरुष रक्षकाची उंची १६० सेंटिमीटर हवी. छाती ८० सेंटिमीटर, आणि फुगवल्यावर आणखी चार. तळपाय सपाट नकोत. गुडघे एकमेकांवर आपटणारे नकोत. एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आले पाहिजे. प्रशिक्षण वर्गात शंभर तास, मैदानावर साठ तास. बुटांना नाडी ओवायची भोके आणि नाडी असावी. शिट्टी दोरीला बांधलेली असावी आणि ती डाव्या खिशात असावी. डाव्याच. उजव्या खिशातली शिट्टी ऐकून चोर पळणार नाही, असा काहीतरी अनुभव दिल्लीत आलेला असणार.

आमच्या गेटवरचे काका साठीचे आहेत. मधल्या सुट्टीत ते बारा बंगल्यांचे दूध पोचवतात, पाण्याचा वॉल्व्ह फिरवतात, टँकरवाल्याशी भांडतात आणि रात्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसून देशाचे संरक्षण करतात. सहा मिनिटांत एक किलोमीटर हा नियम त्यांना वाचून दाखवला तेव्हा त्यांनी विचारले, “चोराच्या मागे की चोराच्या पुढे?” नियमात याचा खुलासा नाही.

आता गंमत अशी की अलार्म कायद्याला अगदीच परका नाही. रक्षकाच्या त्याच अभ्यासक्रमात सुरक्षा उपकरणांचा वापर हा विषय आहे आणि उदाहरण म्हणून अलार्मच दिला आहे. म्हणजे अलार्म वाजला तर काय करायचे, हे शिकायची जबाबदारी दहा-बारा हजारांवर राबणाऱ्या रक्षकाची. तो वाजेल असा बसवायची जबाबदारी कोणाचीच नाही. कायद्यातल्या खाजगी सुरक्षेच्या व्याख्येत माणसाने पुरवलेले संरक्षण येते आणि चिलखती गाडीही आवर्जून येते. कल्याण कोर्टातल्या एका वकीलमित्राला विचारले, तर तो म्हणाला, “माणूस उभा केलास की तू एजन्सी. यंत्र उभं केलंस की तू व्यापारी.” सल्ल्याची फी त्याने घेतली नाही. तोही व्यापारी ठरू नये म्हणून असेल.

याचे परिणाम काय होतात, हे आपल्या भागाने चांगले पाहिले आहे. जुलै २०२२ मध्ये डोंबिवलीच्या मानपाडा भागातल्या आयसीआयसीआय बँकेच्या शाखेतून सुमारे बारा कोटींची रोकड गेली. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे हे काम तिजोरीच्या चाव्या सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचेच होते. वर्षभर त्याने व्यवस्थेतल्या फटी शांतपणे हेरल्या, मग अलार्म निकामी केला, कॅमेऱ्याच्या चित्रणात फेरफार केले आणि नोटा एसीच्या डक्टमधून खाली उतरवल्या. पुढे अडीच महिन्यांनी तो पुण्यात सापडला. सबंध प्रकरणात अलार्मने कोणाला उठवले नाही. ज्याच्यापासून वाचायचे त्याच्याच हाती बटण असेल, तर यंत्र बिचारे कोणाच्या नावाने बोंबलणार?

त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये ठाण्याच्या शिवाईनगरात चोरट्यांनी सराफाच्या शेजारचा गाळा भाड्याने घेतला, तिथे फळांचे दुकान थाटले आणि एका रात्री मधली भिंत फोडून सोने नेले. इथे एक बारीक मुद्दा आहे. गाळा भाड्याने द्यायचा तर करार नोंदवावा लागतो. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या, असे आदेश आयुक्तालय वेळोवेळी काढते, आणि न दिल्यास गुन्हा. म्हणजे भिंत फोडायला आलेल्या फळवाल्याला, निदान कागदावर तरी, दोन सरकारी दारे ओलांडावी लागतात. त्याच भिंतीवर सेन्सर बसवायला येणाऱ्याला एकही नाही. आपल्याकडे चोराच्या धंद्यात शिरणे पहारेकऱ्याच्या यंत्राच्या धंद्यात शिरण्यापेक्षा जास्त कटकटीचे आहे, हे एका परीने समाधानाचेच.

परवाना आला की सगळे सुरळीत होईल, असेही कोणी समजू नये. २०१६ च्या जून महिन्यात ठाण्यात तीन हात नाक्याजवळ चेकमेट या कंपनीच्या कार्यालयावर पहाटे दरोडा पडला आणि कोट्यवधी रुपये गेले. दुसऱ्यांचे पैसे सुरक्षित ने-आण करणे हाच या कंपनीचा धंदा. पुढे २०१८ मध्ये केंद्राने रोकड वाहतुकीचे नियम केले. शहरात रात्री नऊनंतर एटीएममध्ये पैसे भरायचे नाहीत, गाडीत कॅमेरे हवेत, आपोआप फोन लावणारा अलार्म हवा, मोटरवर चालणारा सायरन हवा, आणि वर एक हूटरही हवा. वाजायची इतकी साधने एका गाडीत आजवर फक्त वऱ्हाडाच्या बसमध्ये पाहिली होती. ही साधने बसवणारा कोण असावा? पुन्हा शांतता.

कॅमेऱ्याचेही तेच. ९ एप्रिल २०२५ पासून देशात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याची सायबर सुरक्षेसाठी प्रयोगशाळेत तपासणी सक्तीची झाली. त्याचे सुटे भाग, त्याच्या पोटातली आज्ञावली, सगळे उलटेपालटे करून पाहिले जाते. परदेशात बसून कोणी आपल्या घरात डोकावू नये, ही त्यामागची काळजी. परदेशातल्याचा बंदोबस्त झाला. कोपऱ्यावरच्या दुकानात बसून त्याच पासवर्डने डोकावणाऱ्याचे काय, तर तो आपलाच माणूस आहे, काकूंच्या हातचा चहा प्यायलेला.

राहता राहिला आवाज. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. अलार्मचा भोंगा सहज शंभराच्या वर जातो. गणपती मंडळाचे कार्यकर्ते स्पीकरच्या परवानगीसाठी पोलीस ठाण्यात चकरा मारून चपला झिजवतात. भोंग्यांवरून २०२२ च्या एप्रिलमध्ये ठाण्यात केवढी सभा गाजली! पण त्या सगळ्या गदारोळात शटरवरच्या भोंग्याचे नाव कोणी काढल्याचे आठवत नाही. तो सर्वधर्मसमभावी आहे. तो पालीवर वाजतो, मांजरावर वाजतो, लाइट गेल्यावर वाजतो आणि लाइट आल्याच्या आनंदात पुन्हा वाजतो.

अमेरिकेत याचा इलाज लोकांनी आपापल्या परीने शोधला. टेक्सासमध्ये अलार्म कंपनीला राज्याचा परवाना घ्यावा लागतो. सॉल्ट लेक सिटीने तर २००० साली ठरवून टाकले, की कोणीतरी जागेवर जाऊन खात्री केल्याशिवाय नुसत्या अलार्मवर पोलीस निघणारच नाहीत. आपल्याकडे हे धोरण ठराव न करताच अमलात आहे, पण श्रेय घ्यायला कोणी पुढे येत नाही.

आणि आपण असे काही केलेच तर कसे करू? मसुदा मला आत्ताच दिसतो आहे. कल्याणला शंकरराव चौकातल्या मुख्यालयात ‘गजर नियमन कक्ष’ उघडेल. अधिकारी निवडणुकीच्या कामावर असल्याने कक्षाचा अतिरिक्त कार्यभार उद्यान विभागाकडे राहील. अर्जदाराने अलार्म खरा वाजणार की खोटा, याचे स्वयंघोषणापत्र वाजण्यापूर्वी सादर करावे. डोंबिवली पूर्वेला बसवलेल्या अलार्मचा आवाज रेल्वे ओलांडून पश्चिमेला गेल्यास ‘फ’ आणि ‘ह’ अशा दोन्ही प्रभागांचा ना हरकत दाखला लागेल. सोबत मालमत्ता कराची चालू पावती, आणि इमारत अनधिकृत असल्यास तसे नमूद करून दुप्पट शुल्क. वर्षात तीन खोटे अलार्म झाल्यास चौथा खरा असला तरी खोटा धरला जाईल. शेवटचे कलम वाचून हसू नका. ब्रिटनमध्ये पोलीस बाराच महिन्यांत तीन खोटे अलार्म झाले की त्या जागेचा प्रतिसाद काढून घेतात. आपण फक्त ते शुल्कासह करू.

ठाणे महापालिका मागे कशी राहील? ती गजर धोरणासाठी सल्लागार नेमेल. सल्लागार अहवालात लिहील की शहराला एका एकात्मिक, स्मार्ट गजराची गरज आहे, आणि तो तलावपाळीला बसवावा.

तोवर जे काही करायचे ते सोसायट्यांनाच. आमच्याकडचा अलार्म गेल्या पावसाळ्यात एका रात्री दोनला सुरू झाला. सेन्सरमध्ये झुरळ गेले होते. कंपनीचा नंबर ‘अस्तित्वात नाही’ झाला होता. सेक्रेटरी पासवर्ड आठवत होते. पासवर्ड एक-दोन-तीन-चार आहे हे खालच्या विंगमधल्या चौथीतल्या मुलासकट सगळ्यांना ठाऊक होते, पण सेक्रेटरींनी सुरक्षेच्या दृष्टीने तो महिन्यापूर्वीच बदलला होता. शेवटी साडेतीन वाजता वॉचमनकाकांनी शिडी लावली, वर चढले आणि वायर कापली. या कामासाठी त्यांना सहा मिनिटांहून कमी वेळ लागला.

वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय निघाला. तळमजल्यावरचे मेडिकलवाले म्हणाले, “अलार्म काढून टाका.” लगेच निम्मी सभा उभी राहिली. काढला तर चोरांना कळेल ना! बराच वेळ वाद झाला, समोसे गार झाले, आणि अखेर ठराव असा आला: वायर आहे तशी तुटलेली राहू द्यावी, भिंतीवरचा लाल दिवा पाच रुपयांच्या बॅटरीवर लुकलुकत ठेवावा, गेटवर ‘ही इमारत चोवीस तास इलेक्ट्रॉनिक देखरेखीखाली आहे’ हा स्टिकर नवा चिकटवावा, आणि देखभालीचा वार्षिक करार पुढे चालू ठेवावा. खजिनदारांनी विचारले, “देखभाल कशाची?”

“स्टिकरची,” सेक्रेटरी म्हणाले. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. स्टिकर कोण पुसणार, यावर वॉचमनकाकांच्या नावाने सूचक आणि अनुमोदक मिळाले.