आधी खडी, मग लेणी

पुण्याहून नगर रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला वाघोलीत निसर्गशोभा म्हणून पुढच्या डंपरची मागली बाजू दिसते, आणि बराच वेळ दिसते. गाड्या हलेपर्यंत त्यातल्या खडीकडे जरा आदराने पाहावे. कॅव्हन्साइट हे खनिज १९६७ साली पहिल्यांदा सापडले ते अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये. पण जगभरचे संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात, ते ठसठशीत निळे झुबके इथल्या खाणींतले. म्हणून रंगीत स्फटिकांच्या ओढीने महाराष्ट्रात फिरणाऱ्याने गड, लेणी, धबधबे मागाहून बघावेत. पहिला मुक्काम दगडाच्या खाणीवर. तिथे सेल्फी पॉइंट नसतो, ही जमेचीच बाजू.

यावर हौशी गिर्यारोहक म्हणेल, सह्याद्री काय ओस पडलाय? हातोडी घेऊन कडे धुंडाळू. अवश्य धुंडाळावेत, ऊन लागण्यापलीकडे फार काही लागणार नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले, तेव्हा त्यांत वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा थिजून कातळ झाला, पोकळ्या राहिल्या, आणि खडकात झिरपणाऱ्या पाण्याने त्या सावकाश खनिजांनी भरल्या: कुठे गुलाबी-केशरी स्टिल्बाइट, कुठे व्हॅनेडियममुळे हिरवा झालेला अ‍ॅपोफिलाइट. बाहेरून मात्र कातळ असा काळाठिक्कर, की आत रंगपंचमी चालली असेल असा संशयही येऊ नये. तो फोडायला सुरुंग लागतात, माणसे लागतात, आणि निव्वळ स्फटिकांसाठी एवढा खर्च सहसा कोणी करत नाही. एकोणिसाव्या शतकात बोरघाटात तो रेल्वेने केला आणि तिथले स्फटिक विलायतेच्या संग्रहांत पोचले. विहिरी खणणाऱ्यांनी केला. आता रस्ते आणि इमारती बांधणारे करतात. सिन्नरचे गारगोटी संग्रहालय जरूर पाहावे, तिथे बुटांना धूळ लागत नाही. पण काचेआडच्या दख्खनी नमुन्यांचा मूळ पत्ता विचारला, तर तो बहुतेक अशाच एखाद्या खड्ड्याचा निघतो.

खरा आक्षेप निराळाच आहे: खाणी डोंगर खातात, आणि त्यांची यात्रा करणे म्हणजे त्या भुकेला हार घालणे. डोंगर खातात हे खरेच, त्याची वकिली करायची नाही. पण खाण स्फटिकांच्या मागणीवर चालत नाही, खडीच्या मागणीवर चालते. सुरुंग उडाल्यावर डोंगर की कपाट असा पर्याय उरलेला नसतो. कपाट की क्रशर, एवढाच उरतो. क्रशरला सौंदर्यदृष्टी नाही. त्याच्या तोंडी गेलेला अ‍ॅपोफिलाइट एखाद्या उड्डाणपुलात गाडला जातो आणि आपण त्यावरून हॉर्न वाजवत जातो. पोकळी दिसताच पहार थांबवणारा कामगार हाच इथला पहिला जाणकार, आणि त्याला थांबावेसे वाटते ते नमुन्याला गिऱ्हाईक आहे म्हणून. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या बाजारात तोच नमुना मांडला जातो तेव्हा त्या पहारीची आठवण कोणी काढत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे, आणि तिला या प्रवासवर्णनात उत्तर नाही.

तरीही खाण नकोच म्हणणाऱ्यांनी अजिंठ्याच्या वाटेवरच्या विक्रेत्यांकडे जावे. तिथे ओकेनाइट बघावा. कापसाच्या बोंडासारखा दिसतो, म्हणून बोट लावायचा मोह होतो, आणि बोट लावले की तंतू मोडतात. तो निसर्गात बहुधा पांढराच असतो. गुलाबी किंवा जांभळा समोर आला आणि विक्रेता नैसर्गिक रंगाची शपथ घेऊ लागला, तर वाद घालू नये. ओला रुमाल मागावा. भाव लगेच उतरतो.