लक्सअप्पा

जळकोटात दिवस मावळला की घरोघरी दिवाबत्ती होते. लक्सअप्पा वहीत आकडा लिहितो. ‘बीएच१७५०’ नावाचा, उजेड लक्समध्ये मोजणारा नखाएवढा जपानी सेन्सर कुरिअरनं आल्यापासून त्याच्या लेखी तिन्हीसांज, दिवेलागण हे शब्द बाद झालेत. “चाळीस लक्स,” तो आभाळाकडं न बघताच सांगतो.

आधी त्याच्याकडं नागमोडी रेघांचा स्वस्तातला एलडीआर होता. त्याचं नाव काढलं की अप्पा भावकीतल्या उनाड पोरासारखं तोंड करतो. “त्यो नुसता रोध कमी-जास्त करायचा. उजेड किती, ते आपण वळखायचं. ह्यो सरळ आकडा देतंय!” चार तारा लागतात: दोन विजेच्या, एक ठेक्याची, एक निरोपाची. सेन्सरला पत्ताही आहे, ०एक्स२३. अप्पाच्या स्वतःच्या घराला नंबर नाही, कुरिअरवाला ‘मारुतीच्या देवळामागं’ एवढ्यावर येतो. पण सेन्सरचा पत्ता तो झोपेतही सांगेल.

पहिला प्रयोग अंगणातल्या बल्बचा. उजेड पन्नास लक्सच्या खाली गेला, बल्बचा खटका सांभाळणारा रिले टक् वाजला, बल्ब लागला. त्याचा उजेड सेन्सरवर पडला, सेन्सरला वाटलं उजाडलं, बल्ब विझला. पुन्हा अंधार, पुन्हा टक्. तासभर अंगणात लग्नाची लायटिंग! शेजारच्या काकू म्हणाल्या, “कुणाचं लगीन काढलाव, अप्पा?” मग त्यानं लावायचा आकडा ३० केला, विझवायचा २००, आणि सेन्सर पत्र्यावर नेऊन आभाळाकडं तोंड करून बसवला.

मे महिन्यात भर दुपारी सेन्सर ५४,६१२ वर येऊन थांबला. ऊन लाखाच्या घरात जातं. सेन्सरची मोजणी सोळा बिटांची, म्हणजे ६५,५३५ पर्यंत, आणि तिला १.२ नं भागलं की हाच आकडा येतो. अप्पाला मात्र काय उमाळा! “जपाननं आपल्या उनापुढं हात टेकले बगा!” पुण्याच्या उन्हातही तो असाच थांबेल, असं मी म्हणून पाहिलं. त्यानं ऐकलं नाही.

काल संध्याकाळी लाईट गेली. पॉवर बँकेवरचा सेन्सर इमानदारीनं शून्यावर आला, रिले टक् वाजला, बल्ब ढिम्म. काकूंनी कंदील आणून कट्ट्यावर ठेवला.

अप्पानं सेन्सर काढून कंदिलासमोर धरला आणि वहीत लिहिलं: ९ लक्स.