घरात काय आहे?

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फ पडला आणि वीज गेली. वीज जाणं या विषयात मी मुरलेला माणूस. कुडाळला लहानपण गेलेल्याला कंदिलाचं काय अप्रूप? पण ह्यूस्टनच्या या घरांत वीज गेली की उष्णता जाते, पाठोपाठ नळाचं पाणी जातं, आणि चार तासांत अख्ख्या वस्तीचं आदिमानवांच्या पाड्यात रूपांतर होतं. दुसऱ्या रात्री शेजारचे आजोबा टॉर्च घेऊन दारात उभे. म्हणाले, “घरात काय आहे तुझ्याकडे?”

मी मनापासून सांगितलं. वीस पौंड सोना मसुरीचं पोतं, त्यातलं तीन-चार पौंड संपलेलं. तूरडाळ आहे, मुगाची आहे, आईनं दिलेली कोकमं आहेत.

आजोबा क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बरं. काळजी करू नकोस. मी आहे.”

या ‘मी आहे’चा उलगडा बायकोनं केला. अशा अंधारात इथले लोक ‘घरात काय आहे’ असं विचारतात तेव्हा ते डाळीबद्दल विचारत नसतात. आजोबांकडे सात बंदुका होत्या. तांदूळ मात्र मूठभरही नव्हता. पुढचे तीन दिवस आजोबांच्या अंगणातल्या गॅसच्या शेगडीवर आमची खिचडी शिजली आणि दोन्ही घरांनी ती खाल्ली. संरक्षणाची जबाबदारी त्यांनी घेतली, पुरवठ्याची आम्ही. लुटायला कोणी आलं नाही. आलं असतं तर खिचडीच मागितली असती असं माझं आजही मत आहे.

पण प्रश्न डोक्यात राहिला. घरात काय आहे?

बंदूक ही वस्तू मला अगदीच परकी नाही. आमच्या काकांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या रक्षणासाठी परवाना काढून घेतलेली. दारू ठासायची, वर चिंधी, मग पुन्हा ठासायचं. तिचा बार काढायचा तो केळीत शिरलेल्या माकडांना दचकवण्यासाठी, आणि ठासणं पूर्ण होईपर्यंत माकडं निम्मा घड संपवून शांतपणे निघालेली असत. निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. काका ती गोणपाटात गुंडाळून, एसटीनं, मांडीवर आडवी ठेवून घेऊन जात. आचारसंहिता माकडांना लागू नसल्यामुळे त्या महिनाभरात बागेचे हाल होत. माझ्या डोक्यात बंदूक म्हणजे हे असं होतं: सरकारची वस्तू, जी सरकार आपल्याला अधूनमधून वापरू देतं.

इथं गणित उलटं. १७९१ साली या देशानं घटनेला दुसरी दुरुस्ती केली आणि तेव्हापासून ही वस्तू लोकांची, सरकारनं तिला हात लावायचा तर सतरा कारणं द्यावीत. मी एच-वन व्हिसावर होतो तेव्हा मात्र मला बंदूक बाळगायला बंदी होती. माझ्या कामाचा अपवाद: शिकारीचा परवाना काढला तर चालेल. म्हणजे चोराच्या भीतीनं बंदूक ठेवायची नाही, हरणांशी काही बोलणं असेल तर ठेवा. पुढे ग्रीन कार्ड आलं आणि तीही अट गेली.

मग एका शनिवारी बायकोला घेऊन मी बंदुकीच्या दुकानात गेलो. काचेच्या कपाटात मांडणी, आत पिवळे दिवे, थेट लक्ष्मी रोडवरच्या सराफाची आठवण. विक्रेताही सराफासारखाच मऊ आवाजाचा. मखमली रुमालावर एकेक नग काढून ठेवत होता. पहिला ग्लॉक १९. काळा, चौकोनी, दिसायला प्लंबरच्या सामानातला. हे पिस्तूल काढणारा गॅस्टन ग्लॉक ऑस्ट्रियाचा. त्याआधी तो पडद्यांचे दांडे आणि सुऱ्या बनवायचा, आणि लष्करानं नवं पिस्तूल हवं म्हटल्यावर यात उतरला. पडद्यांचे दांडे करणाऱ्याची ती साधी सरळ दृष्टी पिस्तुलात उतरलेली दिसते. शोभा शून्य, काम चोख. पंधरा गोळ्या मावतात. वजन रिकामं असताना सहाशे ग्रॅम.

“कॅलिबर नाइन एमएम,” विक्रेता म्हणाला, “सगळ्यात साधं. पहिल्यांदा घेणारे हेच नेतात.”

मला हसू आलं. ९ एमएम हे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर. सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळायचा नाही. पोलीस आणि लष्कराचा माल. इकडे तोच ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून रुमालावर. मी अदबीनं दोन बोटांनी उचलला. विक्रेत्यानं तितक्याच अदबीनं माझं तिसरं बोट चापावरून बाजूला सरकवलं. “ते बोट नेम धरेपर्यंत बाहेर, नळीला समांतर, सरळ. आणि प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. मी आत्ता उघडून दाखवली तरीसुद्धा.” हा नियम मला फार आवडला. आमच्या आजीचा विजेच्या बटणांबद्दल हाच नियम होता.

मग आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर आलं. पाच गोळ्या, चारशे ग्रॅम, खिशात टाकायला सोपं. हलकं आहे म्हणून मी खूश झालो, तर तो म्हणाला की हलकं तेवढं हाताला जास्त झटका देतं. धक्का सोसायला वजनच लागतं. मग घरात ठेवायला उत्तम म्हणून लांब बंदूक निघाली. बारा बोअर! लहानपणापासून ऐकलेला हा शब्द इथं भेटला तेव्हा गाववाला भेटल्यासारखं झालं. बारा म्हणजे काय ते मात्र मला त्या दिवशी कळलं: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअर. जुन्या सोनाराच्या थाटाचा हिशेब. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते, आणि आमच्या काकांना हे कोणीही कधी पटवू शकलं नसतं.

“तुला नक्की भीती कशाची वाटते?” विक्रेत्यानं विचारलं. त्याला उद्धटपणा करायचा नव्हता. डॉक्टर विचारतात ना, नक्की कुठं दुखतं, तसं. भीतीवर निवड ठरते म्हणाला. मी विचार केला. भीती मला घराच्या हप्त्याची वाटते, मुलीनं गाडी चालवायला घेतल्याची वाटते, भारतातून अवेळी आलेल्या फोनची वाटते. यांतल्या कशावरही त्याच्या कपाटात माल नव्हता.

जवळ बाळगायचं ठरवलं तर तो आणखी वेगळाच संसार. पिस्तूल निवडण्याआधी पँट निवडावी लागते. ते लपवायची एक रूढ जागा म्हणजे पँटच्या आत, पुढच्या बाजूला, नाभीच्या जरा उजवीकडे. ती जागा माझ्याकडे पंधरा वर्षांपूर्वीच भरलेली आहे. विक्रेत्यानं माझ्या पोटाकडे बघून अत्यंत सभ्यपणे कमरेच्या मागच्या अंगाची शिफारस केली. जाड पट्टा हवा, साधा पट्टा वजनानं झुकतो. शर्ट एक माप मोठा हवा, वाकलं की उठाव दिसता कामा नये. बायको सगळं ऐकत होती. म्हणाली, “म्हणजे झब्बा.” खरंच की. जगातला सर्वांत सोयीचा छुपा पोशाख आपण गणपतीत घालतो आणि खिशात फार तर सुपारी ठेवतो.

आमच्या देवळाच्या दारावर दोन पाट्या आहेत. एक चपलांची. दुसरी कायद्यातल्या कलमाची, पिस्तूल आणू नये अशी. तिच्यातली अक्षरं कायद्यानं किमान एक इंच उंचीची लागतात आणि मजकूर इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत. चपलांची पाटी तीन भाषांत आहे, अक्षरं हवी तशी, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

२०२१ च्या १ सप्टेंबरपासून टेक्सासमध्ये एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना जवळ बाळगण्यासाठी परवानाच लागत नाही. हे ऐकून इतरांना मोकळं वाटलं असेल. मला अस्वस्थ वाटलं. शिक्का नाही, फोटो नाही, साहेबाची सही नाही, ही कसली परवानगी? परवाना अजून मिळतो, ज्याला हवा त्यानं वर्गाला बसावं, असं कळल्यावर मी लगेच नाव घातलं. पिस्तूल घेतलेलं नव्हतं. आधी शिकून घेऊ म्हटलं.

वर्गात बावीस जण होतो. शिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले. सकाळी त्यांनी प्रत्येकाला कोरा कागद दिला. “घराचा नकाशा काढा. कोण कुठं झोपतं ते लिहा. आता तुम्ही रात्री जिथं उभे राहाल तिथून दारापर्यंत रेघ मारा. आणि ती रेघ दारापाशी थांबवू नका. कागद संपेपर्यंत न्या.”

इथल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी फळकुटांवर दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे. खिळा ठोकायला जावं तर हातोडीच पलीकडे. गोळी अशा भिंती एकामागून एक ओलांडत जाते. मी आमच्या खोलीच्या दारातून रेघ मारली. ती जिन्यावरून गेली आणि मुलीच्या पलंगावर पोचली. दुसरीकडे उभा राहिलो. रेघ पाहुण्यांच्या खोलीतून निघाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिसरी कुंपण ओलांडून शेजारच्या आजोबांच्या न्हाणीघरात. मी खोडरबर मागितलं. शिक्षक म्हणाले, “खोडायचं नाही.”

पाहुण्यांच्या खोलीत त्या वेळी बाबा होते. सहा महिन्यांसाठी आलेले, त्यातला पहिला आठवडा. कुडाळची दुपार ही इथली मध्यरात्र, त्यामुळे बाबा रोज पहाटे तीनला स्वयंपाकघरात सावलीसारखे फिरायचे. दिवा लावायचे नाहीत, आम्ही उठू नये म्हणून. डबे उघडायचे, झाकणं वाजायची. आदल्याच रात्री खडखड ऐकून मी जिन्यात आलो तर अंधारात एक आकृती, हातात काहीतरी चमकणारं. मी श्वास रोखून उभा. आकृती म्हणाली, “साकर खंय आसा रे?”

हातात चमचा होता. मी कागदावर स्वयंपाकघरात ‘बाबा, ३ ते ४’ असं लिहिलं.

दुपारी चांदमारी. मोकळं मैदान, समोर माणसाच्या आकाराचे कागद, त्यांच्यामागे मातीचा उंच बांध. कानात बोळे. एका बाराचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, आणि घरात तो भिंतींनी कोंडतो हे ऐकून मी बोळे आणखी घट्ट केले. शिक्षकांचंच पिस्तूल उसनं घेतलेलं. पन्नास गोळ्या: तीन यार्डांवरून वीस, सात यार्डांवरून वीस, पंधरावरून दहा. २५० गुणांची परीक्षा, १७५ ला पास. पहिली गोळी सुटली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते असं शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं. गरम टरफल उडून शर्टच्या कॉलरीत गेलं आणि मी नाचलो. नाचतानासुद्धा नळी समोरच ठेवली म्हणून शिक्षकांनी पाठ थोपटली. शेवटी बेरीज झाली. २३१.

इतके टक्के मला दहावीतही पडले नव्हते. कागद गुंडाळून घरी नेला. बाबा ओट्यापाशी चहा गाळत होते. अडतीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. मी कागद त्यांच्यासमोर उलगडला. माणसाच्या आकारातली ती भोकं त्यांनी चष्मा वर-खाली करून पाहिली.

“२५० पैकी २३१,” मी म्हणालो.

“आनी १९ खंय गेले?”

“गेले म्हणजे, थोड्या बाजूला लागल्या गोळ्या. मागं मातीचा बांध असतो, बाबा. सगळ्या त्यात.”

“थंय आसा,” बाबा म्हणाले, आणि चहाचा घोट घेऊन पुन्हा साखरेचा डबा शोधायला लागले.