वीस मिलिमीटरचा गुन्हा

महाराष्ट्रात मिलिमीटर हे माप दोनच ठिकाणी वापरलं जातं: पावसाच्या आकडेवारीत आणि गाडी ‘खाली घेणाऱ्या’ पोरांच्या बोलण्यात. बाकी सगळा कारभार अंदाजपंचे चालतो.

ही पोरं तुम्ही पाहिली असतील. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये चाकाशेजारी उकिडवी बसतात आणि टायर अन् मडगार्ड यांच्यातल्या फटीत बोटं घालून बघतात. कंपनीने चार बोटांची फट ठेवलेली असते, ती दोन बोटांवर यावी एवढंच त्यांचं आयुष्याकडे मागणं. लग्न, फ्लॅट, पगारवाढ हे विषय त्यानंतरचे. घरच्यांना वाटतं पोरगं टायरची हवा बघतंय.

पंचाईत अशी, की या वेडात तथ्य आहे. मोटारीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर वर असतो. तो 20 मिलिमीटर खाली आणला, की वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन चारेक टक्क्यांनी घटतं. चार टक्के म्हणजे थट्टा नाही. महागाई भत्ता तेवढा वाढला तर आपल्या कार्यालयांत पेढे वाटतात.

पण हे चार टक्के फुकट मिळत नाहीत. बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. गाडी खाली बसली, की खालचे आर्म चाकांच्या दिशेने चढू लागतात आणि गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतो. म्हणजे गाडी कलंडवणारी तरफ उलट लांबते. स्प्रिंगांचा मूळ मऊपणा तसाच ठेवून नुसती उंची उतरवली, तर गाडी दिसते वाघ आणि वळते म्हैस.

उतरवण्याचे मार्ग दोन. एक शहाण्यांचा आणि दुसरा आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचा. तिथे प्रश्न एकच येतो, “कटर मारू का?” कटर मारला जातो. एक वेटोळं खाली पडतं. उरलेली स्प्रिंग आखूड होते आणि कडकही होते. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, त्यामुळे खड्ड्यात चाक लोंबलं की ‘टंग’ असा आवाज येतो. शॉकअप मात्र जुनाच, त्याला या नव्या कडक सुनेशी जमवून घ्यायचं असतं. गॅरेजवाला हात पुसत म्हणतो, “काही नाही दादा, चालवून सेट होईल.” आघाडी सरकारांचे शिल्पकारही शपथविधीच्या दिवशी वेगळं काही म्हणत नसतात.

शहाण्यांचा मार्ग कंटाळवाणा आहे, म्हणूनच तो चालतो. त्यात 15 ते 20 मिलिमीटरवर समाधान मानायचं. त्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप घ्यायचे. काम सुरू करण्याआधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून आकडे लिहून ठेवायचे. नवे शॉकअप बसवताना बंपस्टॉपची, म्हणजे वर येणाऱ्या चाकाला शेवटी अडवणाऱ्या ठोकळ्याची, लांबी तपासायची, कारण समजा चाकाला वर यायला 70 मिलिमीटर वाव होता, तर आता 50 च उरला आणि खड्डा ही गोष्ट विचारात घेत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आर्मच्या रबरी बुशांचे नट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करायची, मगच शेवटचा पाना मारायचा. नाहीतर बुश जन्मभर पिळलेले राहतात आणि लवकरच फाटतात. मग अलाइनमेंट, मग हेडलाइटचा कोन, आणि थोडं चालवून पुन्हा टेप. एवढं केलं, की गाडीच्या बाजूने कसलीही कुरकुर उरत नाही.

कुरकुर उरते ती रस्त्याच्या बाजूने.

खाली घेतलेली गाडी गतिरोधकाशी येते तो सोहळा बघण्यासारखा असतो. आधी मागचे दोन मित्र उतरतात. मग पुढचा उतरतो आणि वाकून हाताने ‘ये, ये, ये’ करतो. गाडी तिरकी होते, एकेक चाक चढवते आणि पोटाखालून ‘खर्रर्र’ ऐकू आलं, की चौघेही एकदम डोळे मिटतात. मागे पीएमपीची बस खोळंबलेली. रिक्षावाले काका मान बाहेर काढून विचारतात, “उचलू लागू का?” मित्र चालत पलीकडे जातात, पुन्हा बसतात आणि पुढच्या शाळेपाशी पुन्हा उतरतात. या पोरांना मैदानी व्यायाम नाही, असं कोण म्हणतं?

आता यात चूक कोणाची, ते हिशेबाने पाहू. रस्त्यांची मापं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था 1934 पासून आहे. नावात काँग्रेस असूनही तिला आजवर कोणत्याच सरकारने हात लावलेला नाही, कारण तिचं कोणी ऐकतच नाही. तिच्या मार्गदर्शिकेप्रमाणे ताशी 25 किलोमीटरने ओलांडायचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या गोलाईचा हवा. म्हणजे लांबलचक, पसरट आणि सभ्य. उदाहरणार्थ, पोर्शे 911 सारख्या बुटक्या स्पोर्ट्स कारच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर असतं. अशी गाडी या गतिरोधकावर मधोमध उभी केली, तरी चारही चाकं त्याच्याच उतारावर असतात, त्यामुळे पोटाखालची जागा जाते जेमतेम 45 मिलिमीटर. वीस मिलिमीटर खाली घेतलेली गाडीदेखील शिट्टी वाजवत पलीकडे जाईल.

आपल्या गल्लीतला गतिरोधक मात्र नगरसेवकाच्या फोनवर, उरलेल्या डांबरातून, रात्री साडेअकराला जन्म घेतो. रुंदी दोन फूट, उंची कामगाराच्या उत्साहावर. पुढची चाकं पलीकडच्या सपाटीवर आणि मागची अलीकडच्या, मध्ये सहा इंचांचा डोंगर. इथे जागा 45 नाही, तर पुरे दीडशे मिलिमीटर जाते. पांढरे पट्टे नाहीत, फलक नाही. तो तिथे आहे हे पहिल्या पावसात पडलेल्या दुचाकीस्वाराकडून कळतं.

यावर कायदा गप्प आहे असं समजू नका. कायदा कडक आहे, फक्त गाडीवर. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावून सांगितलं. परवानगीबाहेरचा बदल केल्यास कलम 182-अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तुमच्या स्प्रिंगा त्यात बसतात की नाही, याचा तात्पुरता निकाल सिग्नलवरचे हवालदार देतात आणि अपील जवळच्या टपरीवर चालतं. पन्नास मिलिमीटर जादा उंच गतिरोधकाला मात्र नोंदणी क्रमांक नसतो. त्यामुळे त्याची पावती फाडायची कोणाच्या नावे?

गाडी खाली घ्यायची तर वर उचलायचीही सोय हवी, हे पोर्शेवाल्या जर्मनांनी ओळखलं असावं. 911 च्या सध्याच्या पिढीला कंपनीचं स्पोर्ट सस्पेन्शन घेतलं, तर गाडी फक्त 10 मिलिमीटर खाली येते. तीच कंपनी वेगळे पैसे घेऊन नाक 40 मिलिमीटर वर उचलणारी यंत्रणाही देते, जी उपग्रहाच्या मदतीने अडचणीची जागा लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी आपणहून नाक उचलते. आपल्या शहरात ती घराबाहेर पडताना वर होईल ती परतल्यावरच खाली येईल. ताशी 35 किलोमीटरच्या पुढे ती वर राहत नाही म्हणतात, पण आपल्या वाहतुकीत तो प्रश्न उद्भवायचा नाही.

दरम्यान ज्यांनी हे रस्ते बघायचे, ते कशातून फिरतात? उंच, भरभक्कम एसयूव्हीतून. मागच्या सीटवर फाइल वाचणाऱ्या साहेबांना गतिरोधक म्हणजे किंचित डुलकी. म्हणून नम्र सूचना अशी, की पालिकेचा रस्ते विभाग, ठेकेदार आणि प्रभागाचे माननीय यांना यापुढे 20 मिलिमीटर खाली घेतलेली गाडीच द्यावी. बंपरची दुरुस्ती ज्याची त्याने आपल्या खिशातून करावी. आणि गतिरोधक तपासायला त्या रविवारच्या पोरांना नेमावं. शहरात टेप घेऊन फिरणारे तेवढेच आहेत.

सूचना मंजूर होईल, याबद्दल शंका नको. फक्त स्थायी समितीत तिला एक छोटी उपसूचना जोडली जाईल: सर्व गाड्यांना नाक उचलणारी यंत्रणा बसवावी, खर्च रस्तेदुरुस्तीच्या निधीतून करावा.