तिसरी बंदूक माळ्यावर

२०१९ साली सरकारने शस्त्र कायदा आवळला. परवान्यावर तीन बंदुका चालायच्या, आता दोनच. परळ-लालबागला हायसं वाटलं असणार. दहा बाय बाराच्या खोलीत तिसरी ठेवायची कुठे? माळ्यावर गणपतीचं मखर आहे.

निवडणूक आली की नोटिसा निघतात: हत्यार ठाण्यात जमा करा. दादरचा पापभीरू परवानाधारक रिव्हॉल्व्हर कापडी पिशवीत घालून जातो, पावती घेतो, ती रेशनकार्डाशेजारी जपून ठेवतो. गावठी कट्टेवाल्याला नोटीस पाठवायची कुठल्या पत्त्यावर? बिचारा पावतीला मुकतो.

कायदा पाळणाऱ्याचंच हत्यार काढून घेण्याचा हा प्रकार तसा जुनाच. व्हाइसरॉय लिटनसाहेबाने १८७८च्या कायद्याने देश नि:शस्त्र केला. तरी ऑक्टोबर १९३० मध्ये क्रांतिकारक दुर्गाभाभी आणि साथीदारांनी गिरगावाशेजारी लॅमिंग्टन रोडवर गोऱ्या सार्जंटवर गोळ्या झाडल्याच. परवान्यासाठी अर्ज केल्याची नोंद नाही.

अर्थात कायद्यामुळेच इथे अमेरिकेसारखी घरोघर बंदूक नाही, हे मान्य. पण मिळते कोणाला? फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सत्ताधारी आमदारावर गोळीबाराचा गुन्हा दाखल झाला, तो उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यातच घडलेला. हत्यार जमा करायला वेगळा हेलपाटा नको.