दाव्याला बांधलेली मोटार

१९७२ सालच्या डिसेंबरात विनिपेगहून मालवणास जे छायाचित्र मी मोठ्या डौलाने रवाना केले, त्यात मी, माझी नवी जपानी मोटार आणि गुडघाभर बर्फ अशा तीन वस्तू होत्या, आणि त्यांपैकी पहिल्या दोनच काय त्या प्रेक्षणीय आहेत असा माझा प्रामाणिक समज होता. ओव्हरकोटाची बटणे मुद्दाम उघडी ठेवून, एक हात टपावर टेकून, एखाद्या संस्थानिकाने मारलेल्या वाघाशेजारी उभे राहावे तसा मी त्या मोटारीशेजारी उभा होतो. आजच्या हिशेबाने उणे २६ अंश भरेल अशा हवेत बटणे उघडी ठेवण्याचे प्रायश्चित्त पुढे दहा दिवस अंथरुणात भोगले. पण गावातल्या पहिल्या मोटारवाल्याला एवढे सोसलेच पाहिजे, अशी मी माझी समजूत घातली.

तीन आठवड्यांनी आईचे उत्तर आले. तिला लिहिता येत नसे, म्हणून ते शेजारच्या गुरुजींच्या वळणदार अक्षरात होते. आणि अनेक उत्तम आशीर्वादांच्या पाठोपाठ पहिलाच प्रश्न असा होता की, गाडीच्या नाकातून दावे काढून तिला खुंट्याला का बांधली आहे, आणि तिकडे गाड्या सुटून जातात काय?

ते दावे म्हणजे विजेची तार होती. त्या मुलखात जानेवारीच्या रात्रीचे तापमान उणे २० अंशांच्या आसपास असणे ही सामान्य स्थिती समजली जाते; अशा रात्री इंजिनातले तेल काकवीसारखे घट्ट होते, बॅटरीची निम्मी ताकद जाते, आणि म्हणून इंजिनाच्या पोटात एक विजेची शेगडी बसवून तिची तार पुढच्या जाळीतून बाहेर काढतात व रात्रभर खांबावरच्या खटक्याला जोडून ठेवतात. कचेरीच्या आवारातही असे खांब रांगेने उभे असत आणि सकाळी नऊच्या सुमारास प्रत्येक कारकून आपापले जनावर आणून आपापल्या खांबाला बांधी. मी हे सर्व सविस्तर लिहून कळविले. त्यावर आईने विचारले, ‘म्हणजे गोठाच ना?’

आजोबांच्या पिढीत आमच्याकडचे बैल विकले गेले, तेव्हापासून आम्ही स्वतःस शेतकऱ्यांहून किंचित वरच्या पायरीवर समजत आलो होतो. सात समुद्र ओलांडून, कर्ज काढून, मी पुन्हा खुंट्याशी येऊन ठेपलो हे मला त्या पत्राने प्रथम कळले. आणि ते कळल्यावर तर सगळेच तसे दिसू लागले. रात्रभर एका जागी उभे राहिल्याने टायरांचा खालचा भाग चपटा होऊन गोठे. सकाळी पहिला मैलभर मोटार ठक् ठक् करीत अशी चाले की, डोळे मिटून बसले असता आपण कट्ट्याच्या बाजाराला बैलगाडीतून निघालो आहोत असे वाटावे. तार जोडायला विसरलो की जनावर जागचे हलत नसे. अशा प्रसंगी मी चालकाच्या आसनावर हात जोडून बसे आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे रीतसर गाऱ्हाणे घाली की, बारा गावच्या देवा, परमुलखात आलेल्या या लेकराची लाज राख, काही उणे-अधिक झाले असेल तर पदरात घे. आणि मागे घोंगडीत गुरफटून बसलेली माझी पत्नी दर वाक्यागणिक ‘व्हय म्हाराजा’ म्हणे. देव पावे किंवा न पावे; पण तेवढ्या वाफेने आतली काच मात्र धुरकटून जाई आणि तीही गोठे.

१९७५ साली तेथील सरकारने फॅरनहाइट मोडीत काढून सेल्सियसचा अंमल सुरू केला, तेव्हा हवेतही काही सुधारणा होईल अशी आम्हा भाबड्यांना आशा होती. उणे ४० हा एकच अंश असा की, त्यावर जुने आणि नवे अशी दोन्ही दप्तरे एकमत आहेत.

परंतु थंडीचे पोवाडे मी मालवणात पुष्कळ गाऊन झालो आहे. मला आज बोलायचे आहे ते मिठाविषयी. बर्फाने झाकलेल्या रस्त्यावर नगरपालिकेची अजस्र गाडी वाळू आणि मीठ उधळीत चाललेली मी प्रथम पाहिली, तेव्हा थंडी विसरून मी तोंडात बोट घातले. आमच्या घरात मिठाचा एक खडा जमिनीवर पडला तरी आजी म्हणे की, सांडलेले मीठ देवाच्या घरी पापण्यांनी वेचावे लागते. हा न्याय सर्वत्र लागू असेल, तर विनिपेगच्या समस्त नगरपालिकेला, तिच्या महापौरासह, स्वर्गाच्या अंगणात ओणवे राहून किती युगे पापण्या फडफडवाव्या लागतील याचा हिशेब मी करू लागलो. शिवाय मी ज्या किनाऱ्यावरचा, त्याच किनाऱ्यावर शिरोड्याची मिठागरे आहेत. १९३० च्या मे महिन्यात तेथे मूठभर मिठासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, आणि वि. स. खांडेकर त्या काळी त्याच गावच्या शाळेत शिक्षक होते. ज्या मुठीसाठी एका साम्राज्याचा बंदोबस्त उभा राहिला, तशा लक्षावधी मुठी येथे मोटारीच्या चाकांखाली! आमच्याकडे मीठ म्हणजे बांगडा खारवण्याचे, कैरी मुरवण्याचे, दृष्ट काढून चुलीत तडतडवण्याचे द्रव्य. लग्नाच्या पंगतीत पानात सर्वांच्या आधी वाढले जाणारे. पण शास्त्र शास्त्राच्या जागी. पाण्यात मीठ मिसळले की त्याचा गोठणबिंदू खाली उतरतो. समुद्राचे पाणी उणे २ अंशांच्या जवळपास गोठते, आणि शंभरांत २३ भाग मीठ असलेले पाणी थेट उणे २१ पर्यंत तग धरते. त्याखाली मात्र मिठाचा हुकूम चालत नाही. वितळलेले ते खारे पाणी मग मोटारीच्या पोटाला चिकटते आणि लोखंड खात बसते. आपल्याकडे माणूस मीठ खातो आणि खाल्ल्या मिठाला जागतो. तिकडे मीठच मोटार खाते आणि मालकाला जागवते. चौथ्या हिवाळ्यात माझ्या पायाखालच्या पत्र्याला रुपयाएवढे भोक पडले, आणि त्यातून मला कॅनडाचा राजरस्ता, कोणत्याही प्रवासवर्णनात नसेल इतक्या जवळून, दिसू लागला.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मी निघालो तेव्हा आईने माझ्या ट्रंकेत फडक्यात बांधून शिरोड्याचे जाडे मीठ ठेवले होते. परमुलखात मीठ मिळते न मिळते, असे तिचे म्हणणे. ते फडके आमच्या स्वयंपाकघरात फळीवर न सोडता पडून होते. १९७४ च्या जानेवारीत एका सकाळी, मोटार दारासमोरच रुतली, चाके नुसती गरगरू लागली, साहेबापुढे वेळेवर हजर होण्याची माझी प्रतिष्ठा पणाला लागली, आणि मी तणतणत आत जाऊन ते फडके आणून सगळे मीठ मागच्या चाकांखाली ओतले. हवा उणे ३१ होती. त्याने काय वितळणार? करड्या रंगाचे खडे पांढऱ्या बर्फावर जसेच्या तसे पडून राहिले. शेवटी शेजाऱ्याने ढकलून मोटार बाहेर काढली.

फेब्रुवारीत तार आली. ती हाती पडली तेव्हा तिकडे सगळे आटोपून पाच दिवस झाले होते. पत्नीने फळीवरून ते रिकामे फडके काढून माझ्यासमोर ठेवले. तिने काही विचारले नाही आणि मीही काही बोललो नाही. त्या सकाळी मोटार पहिल्याच फटक्याला सुरू झाली. कोठे जायचे, ते मात्र मला तिला सांगता येईना.

असो. निवृत्तीनंतर मी मालवणास परतलो, समुद्रापासून दोनशे पावलांवर घर दुरुस्त केले आणि सवयीने पुन्हा एक छोटी मोटार घेतली. येथे बर्फ नाही, तेव्हा ही माझ्या मागेही राहील, अशी खातरजमा करूनच. समोर सिंधुदुर्ग उभा आहे. १६६४ साली त्याचे बांधकाम सुरू झाले तेव्हा पायात शिसे ओतले, असे सांगतात. साडेतीनशे वर्षे खारे पाणी त्याला चाटते आहे आणि तो ढिम्म आहे. मोटारीच्या तळाला शिसे ओतून देणारा कारागीर मला भेटला नाही. सहाव्या वर्षी गॅरेजवाल्याने तिच्या खाली शिरून बोट वर केले, तर ते सरळ माझ्या चपलेशी आले. मी त्याला विनिपेगच्या मिठाची सारी कहाणी ऐकविली. तो अंगावरचा गंज झटकीत बाहेर आला आणि म्हणाला, “तुमका थंय पण मिठान सोडूक नाय, अण्णानू!”

त्याच उत्साहात मी एकदा मासळी बाजारात सुंगटांचा भाव करताना उणे ४० अंशांचे वर्णन केले. पापण्या कशा गोठतात, तव्यावर टाकल्यासारखी चामडी कशी चरचरते, सगळे सांगितले. विकणाऱ्या म्हातारीने ते शांतपणे ऐकले, वाटा माझ्या पिशवीत टाकला आणि विचारले, “मगे थंय माणसां कित्याक रवतत?” या प्रश्नाचे उत्तर मी तीस वर्षे त्या मुलखात राहूनही जमविले नव्हते.

मालवणात थंडी मोजण्याचे यंत्र म्हणजे खोबरेल तेलाची बाटली. पारा २४ च्या खाली उतरला की तेल थिजते, आणि मग घरोघर कानटोप्या निघतात. परवा पौषातल्या पहाटे पत्नीने थिजलेली बाटली उन्हाची वाट पाहत कठड्यावर ठेवली, आणि मी, हातात कोणतीही तार नसताना, अंगणात जाऊन मोटारीच्या पुढच्या जाळीखाली वाकून पाहिले. मग आत बसून किल्ली फिरविली. ती लगेच सुरू झाली. तरी इंजिन तापावे म्हणून मी दहा मिनिटे तसाच बसून राहिलो. कुंपणापलीकडून शेजारचा मुलगा दात घासता घासता ओरडला, “अण्णानू, कोणाची वाट बघतास?”

मी उत्तर जुळवीत होतो, तोच पडवीतून पत्नीचा आवाज आला, “व्हय म्हाराजा!”