पवनेच्या ‘लेकी’ची जाहिरात लिहिणाऱ्यास खुलं पत्र



‘पवना लेकसाइड कॅम्पिंग’ या तीन शब्दांबद्दल आपलं जाहीर अभिनंदन करायलाच हवं. तंबू, शेकोटी, बार्बेक्यू, सकाळचे पोहे, बोटीची फेरी, वर तुंग, तिकोना आणि लोहगड, एवढं सगळं द्यायचं आणि ‘धरण’ हा शब्द तेवढा गाळायचा, याला कसब लागतं. धरण म्हटलं की मागोमाग भिंत येते, भूसंपादन येतं, पुनर्वसनाच्या कागदांची चळत येते. ‘लेक’ म्हटलं की काहीच येत नाही. पाणी जणू सह्याद्री घडला तेव्हापासून तिथंच होतं.

अडचण एवढीच, की या ‘लेक’चा काठ सरकतो. धरणातून सोडलेलं पाणी नदीवाटे जातं, रावेतला उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. मग मे महिन्यात आपला ‘लेकफ्रंट’ तंबू भेगाळलेल्या चिखलाकडे तोंड करून बसतो. पाणी आणखी उतरलं की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ वर येतं. दिसायला सुंदरच, पण तळ्याच्या तळाशी देऊळ कुणी बांधलं, असं एखाद्या चौथीतल्या पोरानं विचारलं, तर बोटवाल्यानं काय सांगायचं?

आपण म्हणाल, माणसं दोन दिवस मोकळा श्वास घ्यायला येतात, त्यांना इतिहासाचा तास कशाला? शिवाय याच धंद्यावर काठच्या कितीतरी चुली पेटतात. दुसरं म्हणणं अगदी खरं आहे, आणि म्हणूनच पहिलं टिकत नाही. ज्या मावळाची भातखाचरं त्या निळ्या पाण्याखाली गेली, तंबूची दोरी ताणणारे हातही बहुधा त्याच मावळातले. याच धरणाचं पाणी थेट शहराकडे न्यायच्या बंदिस्त जलवाहिनीविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळातले शेतकरी बऊरला द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला, तीन जीव गेले. निसर्गरम्य देखाव्यासाठी कुणी असं मरत नाही.

तरीही ‘लेक’ हा शब्द सोडवत नसेल, तर तो मराठीत वापरा. मावळात वाढलेली, पिंपरीत नांदायला दिलेली ही लेक. मग फलकावर बोटीच्या दराच्या वर तिच्या माहेरच्या बुडालेल्या गावांची नावं लिहावी लागतील. आणि माहेरच्या अंगणात रात्री अकराला डीजे लावायचा का, हेही ठरवावं लागेल.

आपला,
नळाला पवनेचं पाणी येणारा